आजारी मूल आणि सरहद्दीचे फाटक



या व्यासपीठावर उभे राहण्याची माझी पात्रता काय, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुमची फसगत झाली असे वाटावयास नको. मी सातवी पास आहे. आठवीत नाव घातले होते. पण त्याच वर्षी वडिलांचे काम सुटले आणि मी एका वर्कशॉपात हेल्पर म्हणून लेथसमोर जाऊन उभा राहिलो. त्यापुढचे माझे शिक्षण थोडे वाचनालयात झाले आणि पुष्कळसे लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर. गेली तीस वर्षे मी युनियनचे काम करतो. तेव्हा मला येते काय, तर करारातले कलम वाचता येते. 'देईल' कोठे लिहिले आहे आणि 'देण्याचा विचार करील' कोठे लिहिले आहे, एवढे मला चष्म्याशिवाय दिसते. आजचा विषय डॉक्टरांचा आहे, परराष्ट्र खात्याचा आहे; पण त्यातही एक कलम आहे. ते वाचण्यापुरता मी येथे उभा आहे.

सरहद्द म्हणजे काय हे खराडीकरांना मी सांगावयास नको. १९९७ साली एका कागदाने आपली ग्रामपंचायतीची हद्द पुसली आणि आपण महापालिकेत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिले तर मुळामुठा होती तेथेच वाहत होती! त्या नदीवरचा पूल ओलांडला की मुंढवा, आणि पुढे हडपसर. हडपसरला १९६६ साली सुरू झालेली सीरम इन्स्टिट्यूट आहे. आरंभी तेथे घोड्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचे औषध करीत. पुढे गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, क्षय अशा रोगांवरच्या लसी होऊ लागल्या. आफ्रिकेत मेंदूज्वराची साथ येऊन दर काही वर्षांनी हजारो मुले दगावत. त्या साथीवरची लस येथे तयार झाली, तिची किंमत अर्ध्या डॉलरपेक्षा कमी ठेवण्यात आली आणि २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासो या देशात ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. त्या देशाचे नाव मला तेव्हा उच्चारताही येत नव्हते. पण नदीपलीकडे भरलेली बाटली तेथवर गेली.

बाटली जाते. आज मला बोलावयाचे आहे ते मुलाविषयी.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला सव्वीस माणसे मारली गेली. त्यांत आपल्या पुण्यातले दोघे होते. त्या आठवड्यात आमच्या युनियनच्या कचेरीत कोणी मोठ्याने बोलत नव्हते. दोन दिवसांनी सरकारने जाहीर केले की पाकिस्तानी नागरिकांना दिलेले परवाने २७ एप्रिलपासून रद्द, आणि उपचारांसाठी दिलेले तेवढे २९ तारखेपर्यंत चालतील. त्या वेळी सिंधमधल्या हैदराबादचे एक कुटुंब दिल्लीजवळच्या एका इस्पितळात आले होते. मुले दोन, एक नऊ वर्षांचे आणि एक सात वर्षांचे. दोघांच्याही हृदयात जन्मापासून दोष. शस्त्रक्रियेची तयारी चाललेली. बाप वर्तमानपत्रवाल्यांसमोर हात जोडीत होता की एवढे पुरे होऊ द्या. ते झाले नाही. कुटुंब अटारीच्या फाटकाने परत गेले.

ही बातमी मी चहाच्या वेळी कचेरीत वाचून दाखविली. एक जण ताडकन म्हणाला, "भाऊ, आपली माणसं मेली आणि तुम्ही त्यांच्या पोरांचं काय वाचताय?" दुसरा म्हणाला, "आपल्याच पोरांना ससूनमध्ये रांग आहे. त्यांची पोरं कशाला?"

मित्रहो, या दोन्ही प्रश्नांना मी हलके समजत नाही. ज्या घरातला कर्ता माणूस गोळी लागून गेला, त्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून मानवतेचे व्याख्यान देण्याची माझी छाती नाही. आणि रांगेचे म्हणाल, तर त्या रांगेत मी इतक्या वेळा उभा राहिलो आहे की तेथला शिपाई मला नावाने ओळखतो. म्हणून उत्तर देण्याआधी पूर्वी काय काय घडले ते शोधावे असे मी ठरविले. महिनाभर रात्री बसून जे हाती लागले, ते सांगतो.

आपल्या मराठी माणसाला या विषयावर पहिले नाव आठवते ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. जपानने चीनवर स्वारी केली असता १९३८ साली काँग्रेसने लोकवर्गणीतून पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांत सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर असे दोघे आपल्याकडचे होते. कोटणीस परत आलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला तेथेच वारले, वय अवघे बत्तीस. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ही कथा घराघरांत गेली, म्हणून तिचा विस्तार करीत नाही. मला फक्त एवढेच दाखवावयाचे आहे की तेथे डॉक्टर रोग्याकडे गेला. जखमी सैनिकाला कोठे जावे लागले नाही. हृदयाला भोक असलेल्या मुलाचे तसे नाही. त्याच्यासाठी लागणारे शस्त्रक्रियागृह, रक्त शरीराबाहेरून फिरविणारे यंत्र, शिकलेल्या परिचारिका, हे सारे पाठीवर टाकून डोंगर ओलांडता येत नाही. मुलालाच यावे लागते. आणि मूल आले म्हणजे आई आली, बाप आला, कागद आले, ठाण्यावरची नोंद आली.

मूल सरहद्द ओलांडून आले आणि आपण त्याला वाचविले, असे आपल्या देशात एकदा लाखांच्या संख्येने घडले आहे. ते साल १९७१. पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणूस आपल्याकडे आले. पावसाळा, चिखल, छावण्या. आणि त्यांत पटकी. बनगावच्या इस्पितळात डॉ. दिलीप महालनबीस नावाचे एक तरुण डॉक्टर होते. जमिनीवर रोगी, त्यांच्यात मुले फार, आणि शिरेतून द्यावयाच्या सलाइनच्या बाटल्या संपलेल्या. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधविल्या, पिंपांत पाणी कालविले, पिंपांना नळ बसविले आणि रोग्यांच्या आयांना नि नातेवाइकांना सांगितले की कप भरा आणि पाजत राहा. शंभरांत वीस-तीस मरत होते, ते प्रमाण चारांच्याही खाली आले. आज आपल्या रेशनच्या दुकानाशेजारी औषधवाल्याकडे जी पुडी मिळते, तिला जगभर मान्यता मिळाली ती त्या छावणीतून. महालनबीस २०२२ मध्ये वारले. मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले तोवर त्यांचे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक होते? मला नव्हते, हे कबूल करतो.

याच गोष्टीत आणखी एक बारीकशी गोष्ट आहे, जी मला त्या पिंपांइतकीच मोठी वाटते. १९७१ च्या नोव्हेंबरात सरकारने टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट बसविले, निर्वासितांच्या साहाय्यासाठी. माझी आई सांगे की गावाकडे पत्र टाकताना ते एक तिकीट वेगळे चिकटवावे लागे. ती काही दानशूर बाई नव्हती. घरात दानाला काही नव्हतेच. पण पत्र टाकावयाचे तर पाच पैसे द्यावयाचे, असा नियमच होता. कोणाच्या मनात दया उपजण्याची वाट पाहत सरकार बसले नाही. हे लक्षात ठेवा. पुढे मला याची गरज लागणार आहे.

आता अलीकडचे. दिल्ली ते लाहोर बस १९९९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. त्याच उन्हाळ्यात कारगिलला युद्ध पेटले, तरी बस चालू होती. पुढे संसदेवर हल्ला झाला आणि २००२ च्या आरंभी ती बंद पडली. दीड वर्षाने, २००३ च्या जुलैत, ती पुन्हा निघाली तेव्हा तिच्यात अडीच वर्षांची एक मुलगी होती. तिच्या हृदयात छिद्रे होती आणि तिला बंगलोरला न्यावयाचे होते. तेथे नारायण हृदयालयात शस्त्रक्रिया झाली, ती बरी झाली. सबंध देशातून तिला खेळणी आली, पैसे आले, पत्रे आली. वर्तमानपत्रांनी तिला शांततेची दूत म्हटले. मला त्या बातम्या आठवतात. आम्ही कारखान्याच्या फलकावर तिचे चित्र लावले होते.

परंतु ती दीड वर्षे बस बंद होती, त्या काळात किती मुले लाहोरला घरात बसून राहिली असतील? त्यांची चित्रे कोणी छापली नाहीत.

२०१७ मध्ये दोन्ही सरकारांत पुन्हा बिनसले. उपचारांचे परवाने अडू लागले. त्या वेळी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज होत्या. एखादा बाप मोबाइलवरून त्यांना चार ओळी लिही आणि बाई उत्तर देत, "काळजी करू नका, परवाना मिळेल." असे काही महिन्यांचे एक बाळ जूनमध्ये नोएडाला आले, हृदयाची शस्त्रक्रिया झाली, हसत परत गेले. दोन महिन्यांनी त्याच्या घरी, अंगातले पाणी कमी होऊन ते गेले. हृदय नीट झाले होते. बनगावची ती पुडी तेथे वेळेवर पोहोचली असती तर काय झाले असते, असा विचार माझ्या मनात येतो. पण तो येथेच सोडतो.

त्याच वर्षी दिवाळीच्या दिवशी बाईंनी जाहीर केले की या सणानिमित्त, आज पडून असलेल्या सर्व योग्य रोग्यांना परवाने देण्यात येतील. मी ते वाचले आणि प्रथम मला फार बरे वाटले. बाईंचे मन मोठे होते यात शंका नाही. पण मग माझ्यातला युनियनवाला जागा झाला. सणानिमित्त! दिवाळीनिमित्त! अहो, हा शब्द आम्हाला चांगला ओळखीचा आहे.

मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धाच्या काळात मालक खुशीने बोनस देऊ लागले. कामगारांना वाटले, हा आपला झाला. मग १९२३ मध्ये मालकांनी तो बंद केला, आणि १९२४ च्या आरंभी गिरण्या संपाने बंद पडल्या. चौकशीला समिती नेमली. समितीने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा कायद्याने काही हक्क नाही, ती मालकाची खुशी आहे. ते वाक्य पुसून टाकायला चाळीस वर्षे लागली. १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. तेव्हापासून मालक चांगला असो की वाईट, हिशेब करून इतके टक्के द्यावेच लागतात. त्यात दया नाही, म्हणूनच त्यात अपमानही नाही.

खुशी आणि कलम यांतला हा फरक मी पुस्तकात शिकलो असतो तर आज तुमच्यापुढे एवढा जोर लावून बोललो नसतो. तो मी दोन मुलांकडून शिकलो. आपल्याच नगर रस्त्यावरचा एक कारखाना. नाव घेत नाही. कंत्राटदार बदलला की कामगाराच्या विम्याचे हप्ते तुटत, आणि हप्ते तुटले की मोठ्या उपचाराला मंजुरी नाही. एका कामगाराच्या मुलाच्या हृदयाचे काम अडले. मी त्या वेळच्या मॅनेजरसाहेबांकडे गेलो. माणूस भला. त्यांनी दोन फोन केले, कोठून तरी पैसे उभे केले, मुलगा तीन आठवड्यांत टेबलावर. आम्ही गेटवर सभा घेतली, साहेबांना हार घातला, मलाही एक हार पडला. मी तो घरी नेऊन बायकोला दाखविला! कंत्राटदारांनी हप्ते भरलेच पाहिजेत आणि मध्ये खंड पडला तर कंपनीने जबाबदारी घ्यावी, असे कलम त्या वर्षीच्या मागणीपत्रात होते. साहेब म्हणाले, "आपण आहोत ना, कागद कशाला?" आणि मी ते कलम सोडले. माझी ही चूक मी कोणाच्याही माथी मारीत नाही.

वर्षभरात साहेबांची बदली झाली. मग दुसऱ्या एका कामगाराची मुलगी, वय पाच, तोच आजार. नवे साहेब वाईट नव्हते; त्यांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "असा काही नियम दिसत नाही." चौदा महिने आम्ही खेटे घातले. शेवटी मंजुरी आली. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतले आणि औषधाच्या चिठ्ठीच्या मागे हृदयाचे चित्र काढून समजाविले. छिद्रातून रक्त जोराने फुप्फुसाकडे जात राहते. फुप्फुसातल्या बारीक नळ्या तो मारा वर्षानुवर्षे सोसतात आणि मग आतून जाड, कडक होतात. एक दिवस दाब इतका वाढतो की रक्ताची दिशाच उलटते, ओठ निळे पडू लागतात. त्यानंतर छिद्र बुजविले तर मूल दगावते. "आणले उशिरा," डॉक्टर म्हणाले, "आता हात लावता येणार नाही."

ती मुलगी आज बावीस वर्षांची आहे. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की बसते. तिची आई आमच्या युनियनची सभासद आहे. मुलीच्या बापाच्या जागी ती कामाला लागली.

म्हणून कोणी मला सांगतो की "परिस्थिती निवळली की पुन्हा परवाने सुरू होतील," तेव्हा मला ती चिठ्ठी आठवते. परिस्थिती निवळावयास दीड वर्ष लागते, कधी दहा वर्षे लागतात. फुप्फुसातल्या नळ्या तोवर थांबत नाहीत.

आता कलमाकडे येतो. युद्धाच्या काळात सामान्य नागरिकांचे रक्षण कसे करावे याविषयी १९४९ साली जिनिव्हाला एक करार झाला, चौथा जिनिव्हा करार म्हणतात तो. आपण त्यात आहोत, पाकिस्तान आहे, चीन आहे. मी कोशाची दोन पुस्तके शेजारी घेऊन त्यातली कलमे वाचली. तेविसाव्या कलमात म्हटले आहे की शत्रुपक्षाच्या नागरिकांसाठी जाणारी औषधे आणि इस्पितळाचे सामान प्रत्येक राष्ट्राने मोकळे जाऊ द्यावे. पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी आणि बाळंतिणींसाठी अन्न, कपडे, शक्तिवर्धक औषधेही जाऊ द्यावीत. अटी आहेत, माल दुसरीकडे वळणार नाही अशी खात्री हवी वगैरे. पण मूळ शब्द बंधनाचा आहे. आता सतरावे कलम पाहा. वेढ्यात सापडलेल्या जागेतून जखमी, आजारी, म्हातारे, मुले आणि बाळंतिणी यांना बाहेर काढण्यासाठी दोन्ही पक्षांनी स्थानिक करार करण्याचा प्रयत्न करावा. प्रयत्न करावा!

पाहिलेत? बाटलीला 'जाऊ द्यावे', आणि मुलाला 'प्रयत्न करावा'. आमच्या मालकांनी मला इतक्या वेळा प्रयत्न करण्याचे लिहून दिले आहे की तो शब्द दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो.

आणि हा करारही लागू होतो तो युद्धात. आपल्या शेजाऱ्याशी आपले पुष्कळदा युद्धही नसते आणि सलोखाही नसतो. फाटक बंद असते, इतकेच. त्या मधल्या काळात आजारी मुलासाठी कोणते कलम? मुलांच्या हक्कांची सनद आहे, १९८९ ची. पाकिस्तानने ती १९९० मध्ये मानली, आपण १९९२ मध्ये. चांगल्यात चांगले आरोग्य हा मुलाचा हक्क असे तिच्यात आहे. पण फाटकावरच्या शिपायाने ती वाचून कडी काढावी, असे तिच्यात काही नाही.

अटारीला २००७ पर्यंत मालाचे ट्रक सरहद्द ओलांडीत नसत. हमाल डोक्यावर पोते घेऊन शून्य रेषेपर्यंत जाई, आणि पलीकडचा हमाल ते आपल्या डोक्यावर घेई. पोते या डोक्यावरून त्या डोक्यावर. पाय मात्र आपापल्या देशात. मी त्याची छायाचित्रे पाहिली आहेत. हमालांचे काम पाहण्यात माझा जन्म गेला. मला त्या चित्रातली कसरत समजते. मालाची वाट अशी निघते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानने आपल्याशी व्यापार बंद केला, पण महिन्याच्या आत औषधांची आयात त्यांनाच पुन्हा खुली करावी लागली. गरज होती म्हणून वाट निघाली.

मग मुलासाठी निघणार नाही काय? येथे मला तुम्ही विचाराल, "नेतेसाहेब, शत्रूशी कधी असले करार टिकतात का?" टिकतात. अणुशक्तीच्या ठिकाणांवर हल्ला करू नये असा करार दोन्ही देशांनी १९८८ च्या ३१ डिसेंबरला केला, आणि दर १ जानेवारीला दोन्ही सरकारे एकमेकांना आपापल्या ठिकाणांची यादी देतात. तसाच २००८ चा करार आहे: एकमेकांच्या तुरुंगांत असलेल्या कैद्यांची यादी १ जानेवारी आणि १ जुलै, वर्षातून दोनदा. त्या यादीत मासेमारी करताना पकडलेले कोळी असतात; आपल्या पालघरच्या किनाऱ्यावरची माणसेही त्यांत सापडली आहेत. २०२५ च्या मे महिन्यात दोन्ही देशांत तोफा चालल्या. आणि १ जुलैला? यादी दिली गेली. ठरलेली तारीख होती म्हणून दिली गेली. कोणाला कोणाची दया आली नव्हती. बिन-यादीची ती दोन मुले मात्र एप्रिलातच परत गेली होती.

ही गोष्ट संप केलेल्या माणसाला नवी नाही. संपात आम्ही सर्व बंद करतो. पण बॉयलरवर कोण राहील, पाण्याच्या पंपावर कोण, दवाखान्यात कोण, यांची नावे संपाच्या आधी, डोके थंड असताना ठरवावी लागतात. दगड सुटू लागल्यावर ती यादी कोणी ऐकून घेत नाही. ज्या कारखान्यात अशी यादी आधी झाली, तेथे कितीही कडवा संप असो, अँब्युलन्स अडली नाही. १९८५ मध्ये एल साल्वादोर या देशात यादवी चालू असताना मुलांच्या लसीसाठी तीन दिवस दोन्ही बाजूंनी बंदुका खाली ठेवल्या. दिवस आधी ठरले होते. २०२४ च्या सप्टेंबरात गाझामध्ये पोलिओच्या थेंबांसाठी भाग वाटून, तास ठरवून गोळीबार थांबविला गेला. पाच लाखांवर मुलांना थेंब मिळाले. थेंब दिले आणि लढाई पुन्हा सुरू झाली, हेही खरे आहे. मी तुम्हाला शांतता आणून देतो असे म्हणत नाही. मी तासांचे बोलतो आहे.

माझे कलम असे आहे. पंधरा वर्षांखालचे जे मूल उपचारांना आले आहे आणि ज्याचे काम इस्पितळाने हाती घेतले आहे, त्याचा परवाना कोणत्याही कारणाने मध्येच तुटू नये. काम पुरे करून पाठवावे. नव्याने येणाऱ्यासाठी दोन्ही देशांनी मिळून डॉक्टरांचे मंडळ नेमावे, त्याने नाव सुचवावे, आणि ठराविक दिवसांत होय किंवा नाही असे लेखी उत्तर मिळावे. सोबत दोन माणसे, त्यांची हवी तितकी झडती घ्या, फाटकापासून इस्पितळापर्यंत पोलीस बसवा; तक्रार नाही. आणि ते दोन्ही बाजूंनी असावे. आजवर पलीकडची मुले येत आली, उद्या आपल्याही कोणाला जावे लागेल. रांगेचा प्रश्न विचारणाऱ्या माझ्या मित्राला मी सांगतो, ससूनची रांग कमी करण्यासाठी मी तुझ्याबरोबर उद्या सकाळी उभा आहे. पण ती रांग त्या दोन मुलांनी लांबविलेली नाही. ती ज्यांनी लांबविली ते अटारीच्या अलीकडे राहतात.

हे कलम मी गेल्या वर्षी आमच्या युनियनच्या सभेत ठराव म्हणून मांडले. दोन तास वाद झाला, खुर्च्या सरकल्या. पहलगामचे नाव निघाले तेव्हा सर्व उठून उभे राहिले आणि आम्ही पुन्हा एकदा शांत राहिलो. मग ती बावीस वर्षांच्या मुलीची आई बोलावयास उठली. ती सभेत कधी बोलत नाही. म्हणाली, "मला पाकिस्तानचं काही कळत नाही. ज्यांची तारीख लागली होती, तेवढ्यांचं पुरं करून पाठवायला हवं होतं." आणि खाली बसली.

ठराव एकेचाळीस विरुद्ध सव्वीस मतांनी झाला. पहिला प्रश्न ज्याने विचारला होता, त्याने विरुद्ध मत दिले, पण दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन त्याने विचारले, "भाऊ, त्या पोरांचं पुढं काय झालं?" मी सांगितले, रावळपिंडीच्या लष्करी हृदय-इस्पितळात त्यांना दाखल करून घेतल्याचे वाचले. "बरं झालं," तो म्हणाला आणि पावती फाडून वर्गणी देऊन गेला.

ठराव आम्ही दिल्लीला परराष्ट्र खात्याकडे रजिस्टर टपालाने पाठविला. त्याची पोच आली आहे. उत्तर आलेले नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मी स्मरणपत्र टाकतो. आपल्यापैकी कोणाला त्या पत्राखाली सही करावयाची असेल, तर कागद बाहेर चपलांच्या कठड्याजवळच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना करावयाची नसेल, त्यांनी माझ्याशी भांडावयास अवश्य यावे. कचेरी रात्री नऊपर्यंत उघडी असते.